थंडीतली ट्रायथलॉन: फिटनेस सर्टिफिकेटवर सही घेण्यापूर्वी

डिसेंबरमधली गोष्ट. एक शिक्षक पत्नीसोबत दवाखान्यात आले. वय ४४. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हातात छापील फॉर्म होता.

"डॉक्टर साहेब, बाकी काही नाही, फिटनेसची सही पाहिजे. जानेवारीत ट्रायथलॉन आहे."

"यांना विचारा न सर, परवा धरणावर काय झालं ते," शेजारी बसलेल्या पत्नी म्हणाल्या.

झालं असं होतं की सर पहाटे सहा वाजता मित्रासोबत धरणावर सरावाला गेले होते. अंग गरम न करता त्यांनी थेट उडी घेतली. पाण्यात पडताच श्वास अडकला, छातीवर कोणी बसल्यासारखं झालं आणि हात-पाय चालेनात. मित्र जवळच होता, त्याने ओढून काठावर आणलं. पाच-दहा मिनिटांत सगळं ठीक झालं. "थंडीमुळे झालं असेल," सर हसत म्हणाले.

थंडीमुळेच झालं असण्याची शक्यता मोठी होती. पण मी रक्तदाब मोजला, तो १६६/१०२ निघाला. रक्तदाबाची गोळी त्यांनी तीन महिन्यांपूर्वी स्वतःच बंद केली होती. कारण? "वजन सात किलो कमी झालं, आता गोळीची काय गरज?" वडील ५२व्या वर्षी हृदयविकाराने अचानक गेले होते. हे फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण फॉर्मने ते विचारलंच नव्हतं.

अशी सही करायला दोन सेकंद लागतात. पूर्वी मीही केवळ नाडी आणि रक्तदाब पाहून अशा सह्या केल्या आहेत. त्या दिवशी केली नाही. त्यामागची कारणं सगळ्यांच्याच उपयोगाची आहेत, म्हणून हा लेख.

ट्रायथलॉन म्हणजे काय?

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी मध्ये विश्रांती न घेता एकामागून एक पूर्ण करायची ही स्पर्धा. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकपासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे. तिचे प्रचलित प्रकार असे:

- स्प्रिंट: ७५० मीटर पोहणे, २० किमी सायकल, ५ किमी धावणे
- ऑलिम्पिक: १.५ किमी पोहणे, ४० किमी सायकल, १० किमी धावणे
- हाफ आयर्नमॅन: १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणे

गोव्यात २०१९ मध्ये आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा सुरू झाली आणि हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलं. आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही हजारो किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिचची पूर्ण आयर्नमॅन पूर्ण केली. अशा बातम्यांमुळे चाळिशीतले अनेक जण उठून कामाला लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र बातमीत शर्यतीचा दिवस दिसतो, त्यामागची कित्येक वर्षं दिसत नाहीत.

आपल्याकडे हंगामाची सुरुवात थंडीतच का?

यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४५ अंशांवर जातो, पावसाळ्यात रस्ते आणि पाणी दोन्ही धोक्याचे असतात. त्यामुळे सराव दिवाळीनंतर सुरू होतो आणि शर्यती बहुधा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. म्हणजे तयारी सर्वांत कच्ची असते तेव्हाच थंडी सर्वांत जास्त असते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी चांगलं ऊन पडतं. दुपारच्या उबेत "थंडी काही विशेष नाही" असं वाटतं, पण शर्यत सकाळी सुरू होते. त्यातही आपल्याकडचे बहुतेक तरणतलाव गरम पाण्याचे नसतात.

थंड पाण्यातली पहिली तीन मिनिटं

सरांना धरणात जे झालं त्याला वैद्यकशास्त्रात 'कोल्ड शॉक' म्हणतात. त्वचा अचानक थंड झाली की मेंदूकडे एकदम संदेश जातात. तोंड उघडून मोठा श्वास आत ओढला जातो, मग धापा लागतात, नाडी वाढते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब उसळतो. हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वाधिक असतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर ते तीव्र असतं, पण २०-२२ अंशांच्या पाण्यातही सवय नसलेल्याला जाणवतं.

तो पहिला श्वास घेताना तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जातं. उत्तम पोहणाराही असा बुडू शकतो. इथे पोहता येतं की नाही यापेक्षा पहिली तीन मिनिटं शांत राहता येतं की नाही, हे महत्त्वाचं ठरतं.

दुसरा धोका हृदयाचा. थंडीचा धक्का हृदयाला "पळ" म्हणतो. त्याच वेळी चेहरा थंड पाण्यात बुडाला की शरीराची एक जुनी प्रतिक्रिया हृदयाला "सावकाश" म्हणते. असे दोन उलटे आदेश एकदम मिळाले तर ठोक्यांची लय बिघडू शकते. निरोगी हृदय हे सहसा सोसतं. रक्तवाहिनीत अडथळा असलेलं, स्नायू जाड झालेलं किंवा जन्मतःच लयीचा दोष असलेलं हृदय सोसेलच असं नाही.

अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला. अशा १३५ घटना सापडल्या. सरासरी वय सुमारे ४७ होतं आणि ८५ टक्के पुरुष होते. १३५ पैकी ९० घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. ज्यांचं शवविच्छेदन झालं त्यांतल्या ४४ टक्के जणांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांचा महत्त्वाचा दोष आढळला. एकूण धोका मात्र लहान आहे: लाखभर स्पर्धकांमागे दोनपेक्षाही कमी. त्यामुळे घाबरून घरी बसू नका. पण तुमचं वय चाळिशीच्या पुढे असेल, तुम्ही पुरुष असाल आणि पाण्यात उतरणार असाल, तर तपासणी आधी करा, एवढं या आकड्यांवरून नक्की सांगता येतं.

सहीपूर्वी डॉक्टरांना काय सांगायचं?

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे स्वतःहून सांगा:

- व्यायाम करताना किंवा त्यानंतर छातीत दुखणं, दडपण येणं, चक्कर किंवा बेशुद्धी
- जिना चढताना किंवा पळताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागणं, अधूनमधून धडधड होणं
- आई-वडील, काका-मामा, भावंडं यांपैकी कोणी पन्नाशीच्या आत-बाहेर अचानक गेलं असल्यास. "झोपेतच गेले" किंवा "पोहताना बुडाले" असं सांगितलेलंही
- रक्तदाब, मधुमेह, दमा, थायरॉइड, फिट्स, सिकलसेल
- चालू असलेल्या आणि स्वतःहून बंद केलेल्या सगळ्या गोळ्या
- तंबाखू, खर्रा, सिगारेट, दारू. खर्रा हा आपल्या जिल्ह्यात इतका सवयीचा झाला आहे की "व्यसन नाही" असं सांगणाऱ्याच्या खिशातही पुडी असते. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं आणि थंडीही तेच करते.

यातलं काही असेल, किंवा वय चाळिशीच्या पुढे असून आजवर बैठं आयुष्य गेलं असेल, तर रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि ईसीजी एवढं किमान करावं. पुढे गरजेप्रमाणे टू-डी एको किंवा टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची चाचणी, लागते. झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सगळं नॉर्मल, असं नसतं. मी साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. शंका आली की मी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवतो. "डॉक्टर उगाच खर्च वाढवतात" असं त्या वेळी मनात येऊ शकतं, पण ही एक तपासणी टाळण्याजोगी नाही.

विहिरीत शिकलेलं पोहणं पुरेल का?

आपल्याकडे बहुतेक जण विहिरीत, कमरेला डबा किंवा ट्यूब बांधून शिकलेले असतात. पाण्याची भीती गेलेली असते, हा मोठाच फायदा. पण विहिरीत दहा-पंधरा हात मारले की काठ मिळतो. ७५० मीटर म्हणजे २५ मीटरच्या तलावाच्या ३० लांब्या, तेही आजूबाजूला शेकडो हात-पाय आपटत असताना. म्हणून:

- सराव थंडी सुरू होण्यापूर्वीच, शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जीवरक्षक असलेल्या तलावात सुरू करा आणि मध्ये खंड पडू देऊ नका. पाणी हळूहळू थंड होत जातं, तशी शरीराचीही सवय होत जाते.
- थंड पाण्याशी ओळख थोडी थोडी करून द्या. थोड्या मिनिटांसाठी पाच-सहा वेळा थंड पाण्यात उतरलं तरी कोल्ड शॉकची तीव्रता बरीच कमी होते. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.
- उडी मारू नका. आधी काठावर पाच-दहा मिनिटं अंग गरम करा. मग पाय, हात, मान आणि चेहऱ्यावर पाणी घेऊन हळूहळू उतरा.
- श्वास अडकला तर पोहण्याचा प्रयत्न थांबवा, पाठीवर तरंगा आणि लांब श्वास बाहेर सोडा. एक-दीड मिनिटात श्वास ताब्यात येतो. हे तरंगणं तलावात आधीच शिकून ठेवा.
- धरण, कालवा, खदान किंवा विहिरीत एकट्याने सराव करू नका. वरचं पाणी उन्हाने कोमट लागतं, तीन-चार फुटांखाली ते एकदम थंड असू शकतं. तळाचा गाळ आणि झुडपं वरून दिसत नाहीत. 'सोबत मित्र आहे' एवढंही पुरेसं नाही, त्याला बुडणाऱ्याला काढता आलं पाहिजे आणि काठावर तरंगणारी ट्यूब व दोर हवा.

वेटसूट, म्हणजे रबरासारख्या जाड कापडाचा अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा पोशाख, थंडी कमी करतो आणि तरंगायलाही मदत करतो. पाणी ठरावीक तापमानाखाली गेलं तर तो सक्तीचा करण्याचे किंवा पोहणं कमी अथवा रद्द करण्याचे नियम असतात. तुमच्या शर्यतीचे नियम नाव नोंदवतानाच वाचा. वेटसूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. छातीवर आणि गळ्याशी तो आवळतो, त्यामुळे नवख्याला गुदमरल्यासारखं होतं.

पोहताना खोकला येऊ लागला, श्वासात घरघर झाली, तोंडातून गुलाबी फेस आला, तर ताबडतोब पाण्याबाहेर या. थंड पाणी, जोराचे श्रम आणि उच्च रक्तदाब एकत्र आले की फुप्फुसात पाणी साचू शकतं. अशा वेळी पुढचा टप्पा करायचा नाही, दवाखान्यात जायचं.

ओल्या अंगाने सायकल: गारठ्याचा खरा टप्पा

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. पाण्यातून बाहेर आल्यावरही काही मिनिटं शरीराच्या आतलं तापमान उतरतच राहतं. त्यात तुम्ही ओले कपडे घालून सायकलवर बसता. हवा १० अंश असेल आणि सायकलचा वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर कोरड्या त्वचेलाही ती ६-७ अंशांसारखी लागते. ओल्या त्वचेला त्याहून थंड.

बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबता येत नाही, गिअर बदलता येत नाही. थंडीतले अनेक अपघात इथे होतात. म्हणून दोन-तीन मिनिटं गेली तरी चालतील, पण थांबून अंग पुसा, कोरडा बनियन किंवा वारा अडवणारं पातळ जॅकेट घाला, हातमोजे आणि मोजे घाला. छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवण्याची जुन्या सायकलपटूंची युक्ती आजही उपयोगी आहे.

सरावाबाबत एक स्थानिक सूचना. दारव्हा रोड असो, आर्णी रोड की पांढरकवडा रोड, उजाडण्याआधी धुकं असतं, मालाने भरलेली वाहनं असतात आणि रोही किंवा रानडुक्कर अचानक आडवं येतं. दिवस उगवल्यावरच निघा. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि चमकणारा पट्टा वापराच. सूर्योदयानंतर हवाही थोडी उबदार होते, म्हणजे हृदय आणि फुप्फुस दोघांनाही बरं.

धावण्याचा टप्पा

सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे वाटतात. थंडीत हे जास्त जाणवतं आणि पोटरीचा किंवा मांडीच्या मागचा स्नायू ताणला जातो. पहिलं एक किलोमीटर मुद्दाम सावकाश धावा. आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं धावण्याचा सराव ठेवा. श्रम एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात थोडेथोडेच वाढवा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. बैठ्या आयुष्यातून थेट सुरुवात करणाऱ्याने स्प्रिंटसाठीसुद्धा चार महिने धरावेत.

पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर १६०० किंवा ८०० मीटर धावणाऱ्या मुला-मुलींनाही यातलं बरंच लागू आहे: अंग गरम केल्याशिवाय जोरात पळू नका, ताप असताना पळू नका आणि पळण्यापूर्वी दुखणं दाबायची गोळी घेऊ नका.

आजार असेल तर

रक्तदाब: थंडीत तो वाढतो. उन्हाळ्यात पुरलेला डोस हिवाळ्यात कमी पडू शकतो. ऑक्टोबरअखेर एकदा दाखवून घ्या. वजन कमी झालं तर गोळी कमी करता येऊ शकते, पण ती डॉक्टरांनी, मोजून. १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल त्या दिवशी जोराचा व्यायाम नको. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारख्या गोळ्यांवर असाल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर श्रम ठरवू नका, कारण ही औषधं नाडी वाढूच देत नाहीत. दम लागला तरी दोन-चार वाक्यं बोलता यावीत, ही साधी खूण धरा.

मधुमेह: साखर कमी झाली की अंग थरथरतं, घाम फुटतो, बोलणं अडखळतं. थंडी भरली की अंग थरथरतं आणि बोलणं अडखळतं. दोन्हींत फरक करणं कठीण. म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी शंका आली की मोजावं, मोजता येत नसेल तर थांबून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावं. सुरुवातीला साखर ९० च्या खाली असेल तर आधी खा, २५० च्या वर असून बरं वाटत नसेल तर उतरू नका. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या गारठल्या तर आकडा चुकू शकतो, त्या खिशात अंगाजवळ ठेवा. ग्लिफ्लोझिन गटातल्या (उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन) गोळ्या शर्यतीच्या आधी थांबवायच्या का, हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारा. पायांना बधिरपणा असेल तर पाण्यातून सायकलपर्यंत अनवाणी पळू नका. खडा रुतलेलाही कळत नाही.

दमा: थंड, कोरडी हवा जोरात आत ओढली की श्वासनलिका आवळतात. आपल्याकडे याच दिवसांत शेतात पऱ्हाटी जाळल्याचा धूर असतो. पंधरा मिनिटं सावकाश अंग गरम करणं, नाका-तोंडावर पातळ रुमाल आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी इन्हेलर, या तीन गोष्टींनी बहुतेकांना त्रास होत नाही. इन्हेलर सायकलवरही सोबत हवा.

सिकलसेल: हा मुद्दा इतर ठिकाणच्या लेखांत क्वचित सापडेल, पण यवतमाळमध्ये तो टाळून चालणार नाही. विदर्भात, विशेषतः काही आदिवासी आणि इतर समाजांत, सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. थंडी, पाण्याची कमतरता आणि अति श्रम या तिन्हींनी लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. ट्रायथलॉनमध्ये हे तिन्ही एकत्र येतात. 'एसएस' म्हणजे सिकलसेलग्रस्त व्यक्तीने थंड पाण्यातल्या शर्यतीत उतरू नये. हलका व्यायाम जरूर करावा, पण तज्ज्ञांच्या सल्ल्याने. 'एएस' म्हणजे वाहक व्यक्तीला खेळता येतं, पण श्रम हळूहळू वाढवावेत, पाणी पीत राहावं आणि स्नायूंत असह्य दुखणं किंवा अचानक अशक्तपणा आला तर "जोर लाव" म्हणणाऱ्याचं न ऐकता थांबावं. आपण यांपैकी कोण हे माहीत नसेल तर तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयांत ती होते आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाखाली तिच्यावर भर दिला जात आहे.

सर्दी-ताप: नुसतं नाक वाहत असेल तर हलका सराव चालतो. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला किंवा जुलाब असतील तर पूर्ण विश्रांती. विषाणूच्या तापात जोराचे श्रम केल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. नोंदणीचे पैसे गेले तर जाऊ द्या.

खाणं, पाणी आणि गोळ्या

थंडीत तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते, त्यामुळे पाणी कमी पडतं. उलट "पाणी पीत राहा" म्हणून लिटरच्या लिटर नुसतं पाणी पिणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम घटतं, तेही जिवावर बेतू शकतं. दोन तासांच्या स्प्रिंटसाठी तहानेप्रमाणे घोट घोट आणि बाटलीत मीठ-साखर-लिंबू पुरेसं.

शर्यतीपूर्वी अडीच-तीन तास आधी सवयीचंच खा: पोहे, भाकरी, केळी. सायकलवर गूळ-शेंगदाण्याची चिक्की किंवा खजूर चालतो. नवीन पावडर, नवीन जेल त्या दिवशी नको. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या शर्यतीपूर्वी घेऊ नका, पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला इजा करतात. आणि "ऊब येते" म्हणून दारूचा घोट तर मुळीच नको. त्वचेला ऊब वाटते, पण आतली ऊब निघून जाते.

काठावर उभ्या असलेल्या घरच्यांसाठी

गारठलेल्या माणसाला आपण गारठलो आहोत हे बऱ्याचदा कळत नाही. ते तुम्हाला आधी दिसतं. बोलणं पुटपुटल्यासारखं होणं, पाय अडखळणं, हातातली वस्तू पडणं, चिडचिड किंवा गोंधळ, ही लक्षणं आहेत. आधी जोरात थरथरणारा माणूस थरथरायचा थांबला आणि सुस्त झाला, तर तो बरा होत नाही, बिघडत चालला आहे.

- वाऱ्यापासून आडोशाला न्या, आडवं करा, ओले कपडे काढा, कोरडं ब्लँकेट गुंडाळा, डोकंही झाका.
- शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम, गोड चहा द्या.
- हात-पाय जोरात चोळू नका. बधिर हात शेकोटीवर धरू नका, भाजलं तरी कळत नाही.
- बेशुद्ध असेल, गोंधळलेला असेल किंवा छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करा.
- श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५-६ सेंटीमीटर खोल दाब देत राहा. पाण्यात बुडालेल्या व्यक्तीला, येत असेल तर, तोंडाने श्वासही द्या. हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून येत नाही.

शर्यत पूर्ण झाल्यावर फोटो काढण्याआधी ओले कपडे बदलायला लावा. पुढचा अर्धा तास माणसाला एकटं सोडू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोज थंड पाण्याने अंघोळ केली तर सवय होते का?
थोडी होते, विशेषतः श्वास ताब्यात ठेवायला. पण ती पोहण्याच्या सरावाची जागा घेत नाही. चेहरा पाण्यात असताना श्वास सोडण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

महिलांनी पाळीच्या दिवसांत उतरावं का?
त्रास नसेल तर हरकत नाही. त्याहून महत्त्वाचं, हिमोग्लोबिन आधी तपासा. ते कमी असेल तर दम लवकर लागतो आणि थंडीही जास्त वाजते.

मध्येच सोडलं तर?
थंडीत मध्येच सोडता येणं हेही तयारीतच मोडतं. पाण्यात हात वर करून मदत मागितली म्हणून कोणाची किंमत कमी होत नाही.

त्या सरांचं पुढे काय झालं?

सरांना माझा राग आला होता. पत्नी मात्र फाईल घेऊन त्यांना यवतमाळला हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. हृदयाचा स्नायू रक्तदाबामुळे किंचित जाड झालेला आढळला, रक्तवाहिन्यांचं मोठं काही निघालं नाही. गोळी पुन्हा सुरू झाली, खर्रा सुटला. जानेवारीची शर्यत त्यांनी सोडली. पुढचे दहा महिने तलावात नियमित सराव केला आणि रक्तदाबाची वही ठेवली.

यंदा दिवाळीनंतर ते पुन्हा फॉर्म घेऊन आले. सोबत वही होती, तपासण्या होत्या. मी सगळं पाहिलं, हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र वाचलं. सही करायला या वेळीही दोन सेकंदच लागले.

जाताना पत्नी म्हणाल्या, "सर, मी पण येतेय काठावर. ब्लँकेट घेऊन."

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधं सुरू, बंद किंवा कमी-जास्त करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)